जनुके तीच, कळा वेगळ्या

पाल शेपूट टाकून पळते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असते. तुटलेली शेपटी जमिनीवर वळवळत राहते, मांजर तिच्यातच गुंतते आणि पाल भिंतीवर चढून निसटते. पुढे त्याच पालीला नवी शेपटी फुटते. ती जरा नीट पाहिली तर जुनीसारखी नसते. रंग वेगळा, खवले वेगळे. आणि आत मणक्यांच्या माळेऐवजी कूर्चेची एक सलग नळी. पण त्याच पालीचा पाय तुटला, तर तो परत येत नाही.

एकाच शरीरात शेपटी परत येते आणि पाय येत नाही, हे कोडे आहे. पाय कसा बनवायचा याची माहिती पालीजवळ नाही, असे म्हणता येणार नाही. अंड्यात असताना तिने चार पाय बनवलेलेच असतात. आपलेही तसेच. आईच्या पोटात असताना आपण दहा बोटे घडवलेली असतात. ती माहिती शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जन्मभर जपून ठेवलेली असते. मग गरज पडते तेव्हा ती वापरात का येत नाही?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. कडबाकुट्टीत, मळणीयंत्रात, उसाच्या चरकात बोटे गमावलेली माणसे इथे गावोगाव भेटतात. ज्यांच्या घरात असे घडले, ते कधी ना कधी विचारतातच, की पालीला जमते ते माणसाला का जमू नये? 'देवाची करणी' म्हणून हा प्रश्न मिटवणे सोपे आहे. पण गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जीवशास्त्राने त्याचे बरेच उत्तर शोधले आहे, आणि त्यातला काही भाग आपल्या पुण्यात शोधला गेला आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. जे वाचून, विचारून आणि भिंगाखाली पाहून समजले, ते इथे मांडतो आहे.

हळदीचा गड्डा आणि हायड्रा

वसमत, औंढा, कळमनुरी हा हळदीचा पट्टा. इथल्या शेतकऱ्याला पुनर्जननाचे नवल वाटायचे कारण नाही. जेठे गड्डे बेणे म्हणून ठेवायचे, पाऊसकाळाच्या तोंडाशी लावायचे, आणि गड्ड्याच्या एकेका डोळ्यातून अख्खे झाड उभे राहते. तुकड्यातून जे पुन्हा पूर्ण होते ते झाड, हे आपले साधे व्यवहारज्ञान.

नेमके हेच व्यवहारज्ञान अब्राहम ट्रेंब्ली नावाच्या तरुणाने १७४० साली कसोटी म्हणून वापरले. तो जिनिव्हाचा, आणि हॉलंडमध्ये हेगजवळ एका सरदाराच्या मुलांचा शिक्षक होता. तळ्यातल्या पाणवनस्पतींवर त्याला दोऱ्याएवढा बारीक, हिरवा, टोकाला धागे असलेला एक जीव दिसला. हा प्राणी की झाड, ते ठरेना. त्याने तो मधोमध कापला. दोन्ही तुकडे मेले तर प्राणी, दोन्ही जगले तर झाड, असा हिशोब होता. दोन्ही तुकडे जगले. वरच्या तुकड्याला नवे बूड आले आणि खालच्याला नवे डोके. पण तो जीव हालचाल करत होता, शिकार पकडून गिळत होता. म्हणजे प्राणीच होता. १७४४ मध्ये ट्रेंब्लीने आपले प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे लिनीयसने या जीवाला नाव दिले हायड्रा. ग्रीक पुराणात या नावाचा एक राक्षसी सर्प आहे. त्याचे एक डोके छाटले की दोन उगवत.

हायड्रासाठी हॉलंडला जावे लागत नाही. स्वच्छ, संथ पाण्यातल्या शेवाळाच्या आणि पानांच्या खालच्या बाजूस तो आपल्याकडेही सापडतो. मी तो एका शेततळ्यातल्या पाणवनस्पतीवर पाहिला. काचेच्या बाटलीत पाणी भरून ती खिडकीत स्थिर ठेवली, की तासाभरात आखडलेले जीव लांब होतात. जेमतेम सेंटिमीटरभराचा देह आणि टोकाला पाच-सहा धागे. दाढीच्या पात्याने डोके उडवले, तर दोन-तीन दिवसांत नवे डोके आणि नवे धागे दिसू लागतात. जर्मनीतील अल्फ्रेड गीरर यांच्या गटाने १९७२ मध्ये याच्याही पुढे जाऊन हायड्राच्या पेशी सुट्या सुट्या केल्या आणि त्यांचा गोळा पुन्हा एकत्र केला. त्या गोळ्यातूनही हायड्रा घडले.

पुण्यातले काम

वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था निघाली. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे हायड्रावर काम केले. आपल्याकडच्या हायड्राचे शास्त्रीय वर्णन त्यांच्या गटाने २०११ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. जगभरच्या शोधनिबंधांत तो आता 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' या नावाने येतो.

या गटाचा एक प्रयोग आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. नॉगिन नावाचे एक जनुक बेडकाच्या भ्रूणात पाठ आणि मज्जासंस्था घडवण्याच्या कामी येते. हायड्राला पाठ नाही, पोट नाही, मेंदूही नाही. तरी या गटाला हायड्रात नॉगिन सापडले. हायड्राच्या नॉगिनचा संदेश बेडकाच्या भ्रूणात टाकून पाहिला, तेव्हा तिथेही त्याने आपले काम काही अंशी केले. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झाले. हायड्राची शाखा आणि बेडकाची शाखा वेगळी होऊन पन्नास कोटींहून अधिक वर्षे लोटली, तरी अवजार ओळखू येण्याइतके सारखे राहिले होते.

२०१० मध्येच हायड्राच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. प्रथिने बनवणारी सुमारे वीस हजार जनुके त्यात निघाली. माणसाचीही तेवढीच आहेत. विचार करणारा, अक्षरे लिहिणारा माणूस आणि डबक्यातला हा धागा यांच्या अवजारपेटीत संख्येने फारसा फरक नाही. मग फरक आहे तरी कशात?

पाटाचे पाणी

येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांमुळे आमच्या भागात पाटाचे पाणी आले. पाटाच्या शेतकऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. धरण भरलेले असणे वेगळे आणि आपल्या वावरात पाणी येणे वेगळे. कोणत्या चारीचे गेट कधी उघडायचे, किती दिवस उघडे ठेवायचे, हे पाळीवर ठरते. धरण तेच, पाणी तेच. पण एका वावरात ऊस उभा राहतो आणि शेजारच्यात पीक करपते.

पेशीचे तसेच आहे. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत जनुके तीच असतात. कोणती चालू आणि कोणती बंद, एवढाच फरक. हे 'चालू-बंद' प्रथम स्पष्ट दाखवले ते पॅरिसमधील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी. १९६१ मध्ये त्यांनी एका जिवाणूत सिद्ध केले, की दुधातली साखर पचवणारी जनुके ती साखर समोर असेल तेव्हाच सुरू होतात आणि एरवी एक प्रथिन त्यांना अडवून धरते. १९६५ चे नोबेल त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत मिळाले.

माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. त्यातला जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनांच्या कृती सांगतो. उरलेल्या भागात, इतर पुष्कळ गोष्टींबरोबर, कळा विखुरलेल्या आहेत. कळ म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा. त्यावर ठरावीक प्रथिने येऊन बसली, की जवळचे किंवा बरेच लांबचे जनुक सुरू होते. एका जनुकाला अनेक कळा असू शकतात. हातासाठी एक, मेंदूसाठी दुसरी, आतड्यासाठी तिसरी.

उत्क्रांतीच्या दृष्टीने इथेच खरी मेख आहे. जनुकच बिघडले, तर ते जिथे जिथे लागते तिथे सगळीकडे घात होतो. धरण फुटावे तसे. पण एक कळ बिघडली, तर एकाच वावराचे पाणी तुटते. बाकी शिवार हिरवे राहते. असा जीव जगू शकतो, त्याला पिल्ले होऊ शकतात आणि बदल पुढे जाऊ शकतो. मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी १९७५ मध्ये दाखवले, की माणसाची आणि चिंपांझीची प्रथिने ९९ टक्क्यांहून अधिक सारखी आहेत. दोघांतला एवढा फरक प्रथिनांत नसून त्यांच्या नियमनात असावा, असे त्यांनी तेव्हाच म्हटले होते. पुढच्या पन्नास वर्षांत त्याला भरपूर आधार मिळाला.

नागाचे पाय आणि सहावे बोट

औंढा नागनाथचे नाव घेणाऱ्या जिल्ह्यात सापाचे उदाहरण देणे योग्यच ठरेल. साप पाय असलेल्या पूर्वजांपासून आले. अजगराच्या बुडाशी आजही दोन बारीक नखे दिसतात. ते मागच्या पायांचे अवशेष. मग पाय गेले कसे? पाय घडवणारे एक प्रमुख जनुक 'सॉनिक हेजहॉग' या गमतीदार नावाने ओळखले जाते. ते मेंदू, कणा, फुप्फुस अशा अनेक ठिकाणी लागते, म्हणून सापाला ते टाकून देणे शक्य नव्हते. ते सापात शाबूत आहे. बिघडली आहे ती हातापायांसाठीची त्याची कळ. ही कळ जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर बसलेली असते.

कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदराची ही कळ काढून तिथे सापाची कळ बसवली. उंदीर जन्मले, पण त्यांचे पाय खुंटलेले होते. माणसाची कळ बसवली, तेव्हा पाय नीट आले. माशाची बसवली तरीही आले. मग अजगराच्या कळेतली गळालेली १७ अक्षरे त्यांनी परत घातली, तेव्हा उंदरांना पुन्हा धड पाय फुटले. तीन अब्जांच्या पोथीतली सतरा अक्षरे!

हीच कळ माणसात उलट्या बाजूनेही बिघडते. तिच्यातले एखादे अक्षर बदलले, की जनुक हाताच्या भलत्या बाजूलाही सुरू होते आणि अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येते. जादा बोटाची इतरही कारणे असतात, पण हे २००३ मध्ये पक्के झालेले एक कारण. आपल्याकडे सहा बोटांच्या मुलाला कुणी भाग्यवान म्हणते, कुणी अपशकुनी. प्रत्यक्षात त्याच्या पोथीत एका अक्षराची चूक असते. भाग्याचा तिच्याशी संबंध नाही.

जखम झाल्यावर उघडणारी कळ

आता पुनर्जननाकडे परत येऊ. हायड्राचे डोके उडवले, की जखमेजवळ विंट नावाचा संदेश जागा होतो. डोके बनवायची आज्ञा तो देतो. एका रसायनाने हा संदेश सर्व अंगभर चालू ठेवला, तर हायड्राच्या अंगावर जागोजागी धागे फुटतात. पुण्याच्या 'आयसर'मधील डॉ. संजीव गलांडे यांच्या गटाने विंटच्या हुकमाखाली हायड्रात कोणकोणती जनुके सुरू होतात, याचा तपशील २०१९ मध्ये प्रसिद्ध केला.

डोक्याचा तुकडा बाकी शरीराला हुकूम देतो, हे मुळात एथेल ब्राउन या अमेरिकन संशोधिकेने १९०९ मध्येच दाखवले होते. एका हायड्राच्या तोंडाजवळचा भाग तिने दुसऱ्याच्या अंगात रोवला, तेव्हा तिथे दुसरे शरीर उगवले. बेडकासारख्या प्राण्यांच्या भ्रूणातील अशाच शोधासाठी हान्स श्पेमान यांना १९३५ चे नोबेल मिळाले. तो प्रयोग १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे ब्राउनबाईंच्या नंतर पंधरा वर्षांनी. ब्राउनबाईंचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत सर्वांत जास्त अभ्यास झाला तो झेब्रा माशाचा. भारतीय उपखंडातल्या ओढ्यानाल्यांतला हा पट्ट्यापट्ट्यांचा बोटभर मासा. त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा पाचवा भाग कापला, तरी दोन महिन्यांत तो भरून येतो, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. आघारकर संस्थेतही डॉ. चिन्मय पात्रा यांचा गट या माशाचे हृदय आणि मणक्यांमधल्या चकत्या पुन्हा कशा बऱ्या होतात, यावर काम करतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील केनेथ पॉस यांच्या गटाने या माशात अशी कळ शोधली, जी एरवी गप्प असते आणि इजा झाल्यावरच उघडते. ती कळ नवजात उंदराच्या पेशींत घातली, तर तिथेही जखमेच्या जागी ती चालू झाली. माशाची कळ ओळखणारी यंत्रणा उंदरात अजून शिल्लक आहे, असा याचा अर्थ.

नवजात उंदराचे हृदयही पहिल्या दिवशी इजा झाली तर भरून येते. सात दिवसांनंतर तेच साधत नाही. आठवड्याभरात जनुके हरवत नाहीत. पाळी संपते आणि गेट बंद होते.

सर्वांत ताजा पुरावा २०२५ चा आहे. सशाच्या कानाला भोक पाडले तर ते कूर्चेसकट भरून येते. उंदराच्या कानाचे तसेच राहते. चिनी संशोधकांनी दोघांची तुलना केली. 'अ' जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवणारे एक जनुक सशात जखमेनंतर जोमाने सुरू होते, उंदरात होत नाही. जनुक दोघांत आहे. उंदरात त्याच्या कळा निकामी झाल्या आहेत. सशाची कळ उंदरात बसवली, तेव्हा उंदराचा कानही अधिक चांगला भरू लागला. (हे वाचून कुणी 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊ नयेत. त्यांचा अतिरेक विषारी असतो, आणि या प्रयोगाचा मुद्दा कळेचा आहे, गोळीचा नाही.)

माणसात काय उरले आहे

माणूस या बाबतीत अगदी कोरडा नाही. यकृताचा मोठा भाग कापला तरी उरलेला भाग वाढून वजन भरून काढतो. आकार मात्र पूर्वीचा येत नाही. लहान मुलाच्या बोटाचे टोक शेवटच्या पेराच्या पुढे तुटले असेल आणि नखाचे मूळ शाबूत असेल, तर ते बरेचसे परत वाढते. सिंथिया इलिंगवर्थ या डॉक्टरबाईंनी इंग्लंडमध्ये १९७४ मध्ये अशा मुलांची नोंद केली. नखाचे मूळच का महत्त्वाचे, ते २०१३ मध्ये उंदरांवर समजले. नखाच्या मुळाशी असलेल्या मूळपेशींमध्ये विंटचा संदेश चालू असावा लागतो. तो बंद केला तर टोक वाढत नाही. हायड्राचे डोके आणि उंदराच्या बोटाचे टोक, दोन्हीकडे हुकूम देणारा तोच.

मग ही कळ उघडी ठेवून मोकळे का होऊ नये? कारण तोच विंट-मार्ग मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत बेलगाम चालू असतो. पेशींना वाढायला सांगणे सोपे आहे. कुठे थांबायचे ते सांगणे कठीण. पाणी तुंबेपर्यंत चारी उघडी राहिली तर पीक सडते. सस्तन प्राण्यांत या कळा का बंद पडल्या, याची अनेक कारणे सांगितली जातात. गरम रक्ताच्या शरीराला जखम आधी पटकन मिटवणे भाग असते, म्हणून व्रण धरतो. दीर्घायुषी शरीराला कर्करोगाला आवर घालावा लागतो. कोणते कारण किती खरे, यावर अजून वाद आहे. पण माहिती पुसली गेलेली नाही, तिच्यापर्यंत पोहोचायची वाट बंद झाली आहे, ही गोष्ट आता एकामागून एक प्राण्यांत दिसून आली आहे.

तोपर्यंत

हा फरक समजून घेण्याची गरज केवळ अभ्यासकांना नाही. मूळपेशींच्या नावाने गुडघ्यापासून मणक्यापर्यंत काहीही परत उगवून देण्याच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत. त्यासाठी एकर-दीड एकर गहाण टाकणारी माणसे आहेत. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. तुटलेले बोट पेराच्या मागून पुन्हा उगवून देणारा उपचार आज जगात कुठेही नाही. कळ कुठे आहे हे समजणे आणि माणसाच्या हातात ती सुरक्षितपणे उघडता येणे, यांत मोठे अंतर आहे.

आज जे शक्य आहे ते वेगळे आहे. यंत्रात बोट तुटलेच, तर तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट तुकड्याला लागू देऊ नये. जखमेवर कापड दाबून धरावे आणि सूक्ष्मशस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात शक्य तितक्या लवकर पोहोचावे. हिंगोलीहून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठताना वाटेतल्या तासांनाच किंमत असते. हळद लावून, चुना लावून ते तास घालवू नयेत. आणि कडबाकुट्टीच्या तोंडावरचे संरक्षक झाकण काम उरकण्यासाठी काढून ठेवले असेल, तर ते आजच परत बसवावे.